दोघींची दहावी

लोह्याच्या बसथांब्यावर बाकावर बसलेल्या दानम्मानं समोर उभ्या मायलेकींना विचारलं, "पोरीला आज शाळा न्हाई का?"

"आमची चारी लेकरं घरीच शिकतेत, मावशी. हिची दहावीबी घरूनच झाली. सकाळी येशूची प्रार्थना झाली की सैपाकघरातच वर्ग भरतो," आई मार्था म्हणाली.

"शिकवतं कोण?"

"मीच."

"तुमी कितवी शिकलाव?"

मार्था घुटमळली. "शाळेत सातवीपर्यंत."

"अन् दहावीचं शिकवता?"

लेक सुवार्ता पुढं झाली. "आजी, आईनं माझ्यासंगंच बाहेरून दहावीची परीक्षा दिली. मागच्या पंधरवड्यात निकाल लागला. दोघी पास! गुणपत्रिका आणायलाच नांदेडला निघालो."

"अगं बाई! मार्क कुणाला जास्त?"

"आईला! गणितात माझ्याहून नऊ जास्त."

"सुवार्ता, पुरे की."

दानम्मा बाकावर सरकली. "मास्तरीणबाई, उभ्या कशाला? बसा इथं."