अनुमती द्या

— न्हाई न्हाई, मोईजभाऊ, नवीन मोबाइल नकोय मला, फकस्त ही टिंग टिंग बंद करा. ऐका, आलंच परत! 'तुमच्या फोनमध्ये तेरा व्हायरस' — आमच्या पेठ गावातनं निघालो तवा नऊ व्हते, तुमच्या जुन्नरच्या स्टँडवर उतरंस्तोवर तेरा झाले. आन मधीमधी त्या बाया — जाऊ द्या, चार गिऱ्हाइकात सांगायची गोष्ट न्हाई. हसू नका, राव. काय दाबलं म्हंता? मी कुठं दाबलं, त्यानंच इचारलं. निकालाची यादी बघत व्हतो, उघडंना, आन मधीच पाटी आली — माणूस असाल तर 'अनुमती द्या' दाबा. आता सांगा, बाप-आजाबरोबर मेंढरं घेऊन हिंडलेला माणूस मी. दुसऱ्याच्या तळाजवळनं जाताना 'कोण हाय?' अशी हाळी आली, की पहिल्या हाळीला 'माणूस, माणूस' म्हणून ओ द्यायची, न्हाईतर कुत्री अंगावर येत्यात. ही जन्माची सवय. त्यानं इचारलं माणूस का, मी म्हनलं माणूस — आन दाबलं. यादी न्हाईच उघडली. कुत्री मात्र तवाधरनं मागं लागल्यात.

कसला निकाल? नर्सिंगचा. आमच्या सुप्रियाचा. मला काय करायचंय म्हना त्या निकालाशी! बहिणीच्या पोराशी सोयरीक ठरवली व्हती मी, शब्द दिला व्हता, आन ही पोरगी पिशवी भरून पुण्याला शिकायला गेली. मी बी सांगितलं — पास हो न्हाईतर नापास हो, मला फोन करायचा न्हाई. आठ महिने न्हाई केला तिनं. तिची आई, आमची तानूबाई, म्हंती, बापावर गेलीय. मी आपलं सहज बघत व्हतो. सहजच. पण टिंग झालं की हात जातोच, हो. लोकर कातरता कातरता कातर टाकून पळतो — आन बघावं तर व्हायरस! दिवसातनं पन्नास येळा. लई डोकं फिरलं. बुधवारी घोंगडीत गुंडाळला आन खुंटीला टांगला — बस म्हनलं बोंबलत. आज रविवार, बाजाराला यायचं म्हणून काढला.

सापडलं का? अशी किती दुकानं मांडली व्हती त्यानं? सतरा? समदी बंद करा, एक बी ठेवू नका. हां — बघा, कसं गप झालं. आता का थांबलात? खाली काय, मेसेज? असंल त्या बायांचंच कायतरी, पुसून टाका.

कुणाचा?

वाचा. न्हाई, मोठ्यानं वाचा, चष्मा न्हाई आणला मी.

'आबा, पास झाले. शुक्रवारी चारला पेठला उतरते. फोन करायला भीती वाटते. तुम्ही न्यायला आलात तर घरी येईन, नाहीतर तशीच परत जाईन.'

कधीचा म्हंता? गुरुवारचा? म्हंजे शुक्रवार — परवाचाच की. परवा चारला घरीच व्हतो मी, मोईजभाऊ. रिकामा. अंगणात बाजंवर पडून व्हतो. स्टँड हाकंच्या अंतरावर हाय आमच्या घरापासनं.

लावा तिला. लावा की — रिंग जातीय? जातीय… न्हाई उचलत?

राहू द्या. द्या इकडं तो. तुमी तुमची गिऱ्हाइकं बघा, माझ्याकडं नका बघू. मी बसतो हितं पायरीवर. ते समदं बंद केलंय ना, नक्की? मग झालं. आता वाजला, तर तिचाच वाजंल.