लोखंड इंग्रजीत करा!

...न्हाई, तुमीच सांगा, लोखंडाला भाषा असती का? असती का? गंज चढला की हितलं काय अन् तितलं काय, समदं तांबडंच! पण आमच्या चेअरमनसाहेबांला कुणी सांगावं... विजयसिंह साहेब म्हणले, 'अजिनाथ, इंग्रजीत करा!' अन् बसले गाडीत, काच वर, धुरळा माझ्या तोंडात. झालं!

आता तुमाला सांगतो, मी हाय कोण? इंजिनिअर? न्हाई. साखर कारखान्यातला हंगामी कारकून. कारखान्याचं नाव न्हाई सांगत, चकलांबा गावाच्या पलीकडं हाय एवढंच समजा. हंगामी म्हंजी कसं, बॉयलर पेटला की 'या', विझला की 'जा'. लगीन झाल्यापासून हंगामीच! माझी बायको शिवकन्या, तिच्या माहेरचा एक माणूस चुकत न्हाई, 'मंग, पाव्हणं कायम झाले का?' तिकडं एका मयतीला गेलतो, मयत अजून अंगणात, अन् रडता रडता सासूचा भाऊ कानात, 'कायम झाले का?' आता कायम कोण झालं, मी का ते मयत?

तर आमच्या साहेबांनी काय केलं, स्पेनमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं आख्खं शेड इकत आणलं. जुनं! खोलून, तुकडे करून! कावून, तर स्वस्तात जमलं म्हणून. लोखंड येऊन पडलं यार्डात, अन् परत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगात अक्षरं... आय पी एन, यू पी एन, एच ई बी, मागं मापाचे अन् जागेचे आकडे. तुकडा कोणता अन् कुठं बसायचा, समदं त्या अक्षरात. संगट तिकडला एक इंजिनिअर आलता. त्येला आमच्या लोकांनी मिरचीचा ठेचा खाऊ घातला, तो तिसऱ्या घासालाच स्पेनला निघाला! जाताना माझा हात धरून काहीतरी बोलला. मी हासलो. पाव्हणा बोलला तर हासायचं न्हाई का? पण ते साहेबांनी बघितलं ना! 'अरे, आपल्या अजिनाथला त्यांची भाषा येती की!' न्हाई ओ साहेब, म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब म्हणले, 'दसऱ्याला शेडचं काम उभं राहिलं, की तुला कायम केला.' आता कायम म्हणल्यावर उघडलेलं तोंड कोण मिटणार न्हाई? मिटलं!

हिकडं ठेकेदार बिभीषण, परळीचा. गालात गुटखा, मान वर. 'शाहेब, उभं करतो की, आत्ता करतो! पण ह्ये शगळं इंग्रजीत पायजे. श्पेनच्या भाषेत आपली जबाबदारी न्हाई.' अन् ह्येला इंग्रजी येतं? मराठीत सही करताना ह्येचा घाम निघतो! खरी गोष्ट काय, ह्येची क्रेन दुसऱ्याच कामावर अडकलेली. पण साहेब लगेच माझ्याकडं वळले... 'इंग्रजीत करा!'

तुमी म्हणचाल, मोबाईलवर टाकायचं. टाकलं की! मोबाईल शब्दाचं भाषांतर करील ओ, अक्षराचं काय करील बापडा? एच ई बी टाकलं, तर म्हणतो ही हिब्रू भाषा. आय पी एन टाकलं, तर म्हणतो परदेशातलं पॉलिटेक्निक कॉलेज. आता कॉलेज चढवू का शेडवर? पोरांसकट?

पण कायम व्हायचं होतं ना! बसलो शोधत, डोळे सुजले, अन् शेवटी गावलं. आय पी एन म्हंजी आपला गर्डर, यू पी एन म्हंजी चॅनल, एच ई बी म्हंजी रुंद अंगाचा गर्डर. अन् इंग्रजीत? इंग्रजीतबी आय पी एनच! तिकडं समदीकडं त्येला तेच म्हणत्यात! मी आनंदानं नेऊन दाखवलं. साहेबांनी चष्मा काढला. 'अजिनाथ, ह्ये तर तेच उतरून आणलंस की. अरे, इंग्रजीत करा म्हणलं होतं!'

मंग काय, परत बसलो. आय पी एनपुढं लिहिलं, 'युरोपियन स्टँडर्ड हॉट रोल्ड बीम विथ टेपर्ड फ्लँजेस'. साहेब खूश! 'ह्येला म्हणायचं इंग्रजी. लांब पायजे!' बिभीषणची क्रेनबी तवाच सुटली, म्हंजी त्येलाबी ते इंग्रजी समजलं. साहेब म्हणले, खंडेनवमीला पूजा करू, दसऱ्याला पयला खांब अन् तुझी कायमची ऑर्डर. घरी सांगितलं. शिवकन्येनं डोळ्याला पदर लावला, अन् माहेरी फोन लावला. लावायचा न्हाई ना बाई, लावायचा न्हाई!

खंडेनवमीच्या सकाळी अंघोळ करून यार्डात गेलो... अन् बघतो तर, आख्खं यार्ड तांबडं! रेड ऑक्साईड! परत्येक तुकडा चारी अंगानं रंगवलेला, अन् अक्षर? एक न्हाई! मधी आमचा स्टोअरकीपर राधाकिशन, हातात ब्रश, नाकाला रंग. 'कसं दिसतंय? अहो, गंजकं लोखंड पूजत्यात का कुठं? कुणीतरी पांढऱ्या रंगानं खरडून घाण केलती, ती आधी घासून काढली. अन् बघा, लहान हिकडं, मोठं तिकडं, रचूनबी ठेवलं!'

तुमी म्हणचाल, मापून काढा. माप निघंल ओ! पण कोण कुणाच्या शेजारी बसायचं ते टेपला कसं कळावं? माझ्या कागदात नुसती नावं, कुणाची जागा कुठं ते त्या अक्षरात होतं, अन् अक्षरं राधाकिशनच्या पोचाऱ्यात!

साहेब आले नारळ घेऊन. मी सांगितलं समदं, रडायचाच राहिलतो. साहेबांनी लोखंड बघितलं, माझा कागद बघितला, लोखंड बघितलं. म्हणले, 'स्पेनला कळवा, म्हणावं अक्षरं परत पाठवा. अन् आली, की...' बोला, तुमीच बोला! 'इंग्रजीत करा!' बिभीषणनं तर हळूच क्रेनवाल्याला हात केला, जा म्हणून. अन् शेड न्हाई तर ऑर्डर कशाची? खिशात फोन वाजत होता, बघितलं तर सासूचा भाऊ.

न्हाई उचलला. कुंकवाचं ताट माझ्याच हातात दिलतं, सोडून जाता येईना. पुढं गेलो, पहिल्या गर्डरला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले, अन् म्हणलं... 'बाबा, तू तरी कायम झालास हितं.'