बंदूक कुणाच्या नावावर

लिहा, पण लिहून झालं की मला मोठ्यानं वाचून दाखवायचं, ताई, आधीच सांगतो. माझी शाळा दुसरीपातूर, त्यात दुसरीत दोनदा बसलो, पण सही करतो, अंगठा न्हाई लावला कधी कुठं. गाव आमचं चंदगड तालुक्यात, अगदी टोकाला, घरामागं रान, पुढं ओढा आन् ओढ्याच्या पल्याड कर्नाटक. आता त्या ओढ्यात रेघ कुठं मारलीय ती मला अजून दिसलेली न्हाई, आन् गव्यांना तर न्हाईच न्हाई, इकडं ऊस खातात, तिकडं जाऊन बसतात. त्या गव्यांपायी मला बंदूक मिळाली, एकनळी, पीक राखायला, रीतसर परवान्याची. जनावर मारलं न्हाई कधी, वर एक बार काढायचा, कळप बिचकून जायचा, एवढंच. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची, आन् आणताना नळीवरचा नंबर मी स्वतः बघायचो, आकडे येतात मला. हवालदार म्हणायचा, म्हातारबा, आम्ही काय बदलून देणार हाय व्हय. म्हटलं, दिली तर कळायला नको?

मग बायको गेली, माझा पोरगा संजय मला इथं जपानात, टोकियोतल्या निशी-कसाईला घेऊन आला, सून रेवतीपण नोकरी करती, नातीला सांभाळायला घरचं माणूस हवं. बंदूक ठाण्यात जमा केली, पावती घेतली, ती पावती ह्या पेटीत हाय, दाखवणार न्हाई.

इथं सगळं बरं चाललं व्हतं. पण एक दिवस नातीनं त्या होइकुएनमध्ये, म्हंजे तिच्या बालवाडीत, सांगितलं की माझ्या जीजीकडं तेप्पो हाय. जीजी म्हंजे आजोबा, तेप्पो म्हंजे बंदूक. बाईंनी रेवतीला बोलावलं, तीनदा वाकल्या म्हणे, आन् हळूच विचारलं, आजोबा काय करतात? रेवती घरी आली ती रडवेली. म्हणती, बाबा, ह्या देशात त्याचं नावपण काढू नका. म्हटलं, मी काय चोर हाय? संजय म्हणाला, बाबा, परवान्याची मुदत संपत आलीय, नूतनीकरणाला तुम्ही जाणार न्हाई, मग सरकारजमा तरी होईल, न्हाईतर सुमनच्या घरी देऊया, ते मागतायत.

सुमन माझी लेक. ओढ्यापल्याड दिलीय, आमच्या अंगणातनं हाक मारली तर ऐकू जाईल, पण राज्य दुसरं. तिचा सगळा ऊस गवे तुडवतात हे मलाबी ठाऊक. पण जावई! काय सांगू तुम्हाला, तो माणूस लग्नाच्या वरातीत पुढं नाचणारा, चार जणांनी वा वा केलं की काय करील नेम न्हाई. त्याच्या हातात माझी बंदूक? सरकारजमा झालेली पत्करली. सुमन फोनवर म्हणाली, बाबा, परवाना झालाय आमच्या नावावर, सगळं कायद्यानं हाय, तुम्ही फक्त सही करून पाठवा, मग दोन्हीकडच्या कचेऱ्या एकमेकींना विचारतील आन् मगच ठाण्यातनं देतील. आमच्या नावावर म्हणाली, म्हंजे जावयाच्या, आणि कुणाच्या?

कागद आला तर तो कानडीत. मी म्हटलं, घ्या! माझी सही कशाला हवी ते मलाच वाचता येऊ नये, हे डोकं जावयाचंच. संजयला दाखवला न्हाई, तोबी त्यांना सामील असंल. आपल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ती हुबळीची इंजिनेर पोरगी ऱ्हाती न्हवं, कचऱ्याच्या पिशव्या मला वेगळ्या करून देती ती, तिच्याकडं गेलो. म्हटलं, बाई, ह्यात फसवणूक कुठं हाय तेवढं काढून दे. तिनं वाचलं, परत वाचलं. म्हणाली, अज्जा, फसवणूक न्हाई, पण परवाना बाईमाणसाच्या नावानं हाय. सुमन लिहिलंय. बंदूक चालवायचं शिकून दाखला घेतलाय तिनं.

मी तिच्या दारातच बसलो.

सुमनला फोन लावला. म्हटलं, मला का फसवलंस? ती म्हणाली, मी कुठं फसवलं, आमच्या नावावर म्हणूनच सांगत व्हते. म्हटलं, आमच्या म्हंजे नवऱ्याच्या न्हाई का? ती हसली, म्हणाली, ह्यांना बंदुकीचा आवाज झाला की कानात बोटं घालायला लागतात, तुम्ही इतकी वर्सं जावई बघता, तेवढं कळलं न्हाई व्हय? मग तुमच्या काडतुसांची पेटी कोण धरायचं लहानपणी, तुमचा संजय? तो तर खोलीत लपायचा.

तरी मी लगेच मान्य केलं न्हाई. म्हटलं, व्हिडिओ लाव, काठी घे, खांद्याला लावून दाखव. तिनं लावली. पाय बरोबर, कोपर वर. म्हटलं, कोपर खाली घे. घेतलं. मग म्हटलं, आता ठीक.

सही सरकारी साहेबासमोर करायची व्हती, म्हणून आपल्या देशाच्या वकिलातीत गेलो तर खिडकीतला साहेब म्हणाला, आजोबा, अंगठा चालेल. म्हटलं, सही चालेल का ते सांगा. केली सही, लांबलचक, कागदाच्या दोन्ही प्रतींवर. संजय शेजारी उभा व्हता, त्यानं शाई वाळू दिली आन् कागद पाकिटात घातला.

आता कागद कोल्हापूरला गेलाय, तिथनं बेळगावला जायचा हाय. त्या कचेऱ्यांवर माझा भरवसा न्हाई, रोज सकाळी फोन करून सुमनला विचारतो, आलं का उत्तर? ती म्हणती, येईल. परवान्यावरचं माझं नाव कट होईल, होऊ दे. जावई तिला मोटरसायकलवरनं कचेरीत नेतो आन् बाहेर बसतो म्हणे, तेवढं बरं करतो. देव माझ्या पोरीचा खांदा मजबूत ठेवो, आन् त्या गव्यांना एवढी अक्कल देवो की तिचा बार कायम आभाळातच जावा.