नातीच्या मापाचं घर

...आणि वर बायको मला म्हणते, "अहो, मान तिरकी करून बसली तर बसेल की!" मान तिरकी करून! म्हणजे पोरीनं एवढ्या लांबून सुट्टीला यायचं ते काय मान अवघडून घ्यायला? आणि सगळे माझ्याकडे असे बघतायत, जसं काही मी डोळे मिटून कात्री चालवली! तुम्हाला सांगतो, एक्केचाळीस वर्षं टेलरिंगचं दुकान चालवतोय, कधी कॉलर उलटी लागली असेल, कधी एकाची पँट दुसऱ्याच्या पिशवीत गेली असेल, नाही म्हणत नाही, पण माप? माप बरोबर होतं हो!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा चळला. माझी मुलगी असते परगावी, वर्षातून एकदा नातीला घेऊन येते. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा नात सहा वर्षांची, आणि शिडी दिसली की चढायचंच असा स्वभाव. चढली माळ्यावर! वर काय, तर तिच्या आईचं अख्खं बाळपण चादरीत गुंडाळून ठेवलेलं. कठड्याचा लाकडी पलंग, बाबागाडी, भरवायची उंच खुर्ची, पांगुळगाडा, आंघोळीचा टब... आमच्याकडे टाकायचं काही नाही, चिंधीसुद्धा पुढेमागे उपयोगी पडते, शिंप्याचं घर ते! तर ही वरूनच ओरडली, "आजोबा, याचं मला घर करून द्या! आत बसून खेळायचं!" झालं. मी गळ्यातली टेप काढली, तिला भिंतीशी उभी केली, मग बसवली, मांडी घालून बसवली, हात वर करून बसवली, आणि दुकानाच्या वहीत सगळं लिहून घेतलं. आता सांगा, कुठला आजोबा नातीची बसती उंची मोजतो? मी मोजली!

शेजारचा सुतार आला बघायला. आधी तर पोट धरून हसला. "मास्तर, लाकडाला टाका बसत नाही बरं का!" मग म्हणाला, "वीतभर उंच ठेवा छत, पोरं वाढतात." मी म्हटलं, "अरे, तू तुझ्या खिडक्या बघ, पावसाळ्यात बंद होत नाहीत त्या. मी मापात काम करणारा माणूस!" वीतभर म्हणे. वीतभर ढगळ दिसलं असतं ना ते!

आणि केलं काय मी, ऐका तरी. पलंगाची एक बाजू काढली, ते दार. बाबागाडीची टोपी वर लावली, तिची ऐट बघा, आजही खट्कन उघडते, खट्कन मिटते. उंच खुर्चीचा ताट ठेवायचा फळा काढून त्याचं दुकान केलं, म्हणजे आत बसून सामान विकता येईल. पांगुळगाड्याची चाकं खेळण्यांच्या खोक्याला. टबात गादी, गादीच्या कडेनं पायपिंग. दुपदरी पायपिंग! लोकांच्या कोटाला करत नाही मी तसलं. सगळं घासलं, खिळ्यांची टोकं वाकवली, पोरीला कुठे ओरखडा नको. आणि माप? तंतोतंत! बसली की डोक्यावर चार बोटं जागा. सहा वर्षांच्या मुलीला.

हं, आता तुम्ही विचाराल, मग अडलं कुठे? तिथेच तर... काय आहे, दुसऱ्या वर्षी ती आली तेव्हा दोनच भिंती उभ्या होत्या. शाळांच्या गणवेशाचा हंगाम, मान वर करायला फुरसत नाही. रोज सकाळी दारात येऊन उभी, "आजोबा, झालं?" आणि मी मशीनवरून मान न उचलता, "उद्या!" सवय हो ती, जिभेला वळणच पडलंय. गिऱ्हाईक दिसलं की "उद्या", मग ते गिऱ्हाईक असो की नात. अठरा दिवस राहिली, अठरा वेळा "उद्या" ऐकून गेली. तिसऱ्या वर्षी मुलीला रजा मिळाली नाही, आल्याच नाहीत. मला वाटलं, बरं झालं, निवांत पुरं होईल!

बरं झालं म्हटलं मी. जीभ झडायला हवी होती.

आणि परवा आली. रिक्षातून उतरली, मी आपला माझ्या कमरेएवढं कुणीतरी शोधतोय आणि समोर माझ्या खांद्याला लागणारी मुलगी! नऊ वर्षांची! मी थाटात घराच्या दारावरचा पडदा सरकवला. ती वाकली, आत शिरली, गुडघे हनुवटीला, डोकं टोपीला, एक हात बाहेर. आणि तशी अवघडून बसून म्हणते कशी, "आजोबा, मस्त आहे!" खोटं बोलत होती हो. माझ्यासाठी. नऊ वर्षांच्या मुलीला म्हाताऱ्याचं मन राखावं लागलं, यापरती नामुष्की कुठली? बायको मागून म्हणाली, "जगातल्या पोरांना वाढत्या अंगाचं शिवून दिलंत, दोन-दोन इंच आत दुमडून... आणि घरच्या पोरीला अगदी मापाचं?" माप बरोबर होतं, म्हटलं. आणि गळ्यातली टेप काढून हातात घेतली.

नात पाच मिनिटांत बाहेर आली, गेली अंगणात सायकल फिरवायला. मी तिथेच टेप चाळवत उभा. तर माझी मुलगी, सदतीस वर्षांची बाई, ऑफिसात वीस माणसं हाताखाली, चपला काढून गुडघ्यांवर रांगत आत शिरली! मावते कसली, पाय सगळे बाहेर. दात येताना कठड्याला चावायची ती, ते व्रण मी घासताना मुद्दाम ठेवले होते, त्यावर बोट फिरवत बसली. हीच मुलगी पाच वर्षांची असताना मशीनशेजारी उभी राहून म्हणायची, "बाबा, खेळायला या ना." आणि मी म्हणायचो, "हा एवढा शर्ट संपू दे." तो शर्ट काही संपला नाही हो, पोरगीच मोठी झाली. तर आतून एवढंच म्हणाली, "बाबा, मला फार आवडलं असतं हे."

आता तुम्हाला सांगतो, दुकानात दोन दिवस उशीर झाला तर लोक काउंटरवर हात आपटतात, चारचौघांत अब्रू काढतात. इथे चांगला बत्तीस वर्षं उशीर केला मी... आणि गिऱ्हाईक साधं भांडलंसुद्धा नाही!