वैजूचं मंत्रिपद

...आणि लोक वर मलाच म्हणत्यात, "मामा, भाचीला जरा शहाणपण शिकवायचं होतं की!" अहो, तुम्हाला सांगतो, कॅनडात मंत्री झालेल्या बाईला मी, जुळे सोलापुरात पेन्शनीवर बसलेला माणूस, काय शिकवणार? राजकारण असं असतंय व्हय?

आमची वैजयंती, अकलूजच्या बहिणीची पोरगी. नर्स म्हणून गेली तिकडं, संसार थाटला, आणि एकदम तिथल्या राज्याच्या आमदारकीला उभी! मी हौसेनं प्रचाराला गेलो. बघतो तर काय... जीप न्हाय, भोंगा न्हाय, हार न्हाय! ही बया गुडघाभर बर्फातनं एकटी दारं वाजवतीय आणि लोकांना विचारतीय, "तुमची अडचण काय हाय?" अहो, अडचण विचारत्यात व्हय कुटं? आश्वासन द्यायचं आणि पुढं सरकायचं! राजकारण असं असतंय व्हय?

पडली. पुन्हा उभी राहिली, निवडून आली, मंत्रीबी झाली! आमी हितं पेढे वाटले. आणि मग तिच्याच सरकारनं काय काढलं? तिच्या गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद करायचा! दुसरा दवाखाना लई लांब, रस्त्यावर बर्फ. मी फोनवर म्हटलं, "वैजू, गप बस. खुर्ची हाय तवर बसून घे."

तर म्हणती कशी, "मामा, ज्या बायकांच्या दारात गेले, त्यांना तोंड कसं दाखवू?"

आणि दिला की राजीनामा! लई गाजलं तिकडं. सरकार नमलं, विभाग वाचला... आणि हिचं तिकीट गेलं! अपक्ष उभी राहिली, पडली. फोनवर आवाज बसलेला. मी म्हटलं, "जेवलीस का?" तर हुंदकाच फुटला पोरीला. सांगा, राजकारण असं असतंय व्हय?

आता परत नर्स, त्याच विभागात. आणि परवा बाळंत व्हायला कोण यावं? हिला पाडणाऱ्या आमदाराची बायको! अवघड केस, ही दिवसभर तिच्या उशाशी. पोरगी झाली, दोघी सुखरूप. मी विचारलं, "आमदार काय म्हणाला गं?"

"हात धरून रडला, मामा. म्हणाला, तुमी राजीनामा दिला नसता तर आज कुटं गेलो असतो!"

"मग पुढच्या वेळी तो माघार घेणार?"

"छे! तो उभा राहणारच. पण त्याची बायको म्हणाली, मी मात्र तुमच्या प्रचाराला येणार!"

आमी पोट धरून हसलो. फोन ठेवला आणि मग डोक्यात उजेड पडला... अहो, म्हणजे ही पुन्हा उभी राहतीय!