बस दोन मिनिटं, बाबा!

आता तुमीच सांगा, म्हाताऱ्याइची परिषद तिसऱ्या माळ्यावर ठेवते काय कोनी? अन् लिफ्टवर पाटी… "बंद आहे"! मी घनश्याम, वय बहात्तर, धानोऱ्याकडचा, जन्मभर तलावात जाळं टाकलं, पन एवढ्या पायऱ्या कदी चढलो नाई बापा! तुमाले सांगतो, वर पोचलो तं तोंडातून शब्द निंगेना… अन् मले बोलावलं कायले? बोलाले!

झालं काय, उमेरा नावाची पोरगी, चंद्रपूरची, म्हाताऱ्याइसाठी काम करते, ते गावात आली. म्हने, "बाबा, तुमच्या तलावावर म्हाताऱ्याचा वाटा असते ना? आमच्या परिषदेत सांगा." खरी गोष्ट हाय. आमच्याइथी ज्याच्यानं पान्यात उतरनं होत नाई तो पारीवर, म्हंजे तलावाच्या बांधावर, बसते, मासोळी कोन्या कोपऱ्यात हाय ते सांगते, अन् जाळं निंगालं का त्याले बरोबरीचा वाटा. भीक नाई, वाटा! मी म्हनलं, "येतो, पन शनिवारी सकाळी जाळं पडते, मले पारीवर राहाच लागते." ते म्हने, "शुक्रवारी बस दोन मिनिटं बोला, बाबा, संध्याकाळच्या गाडीनं घरी!"

शुक्रवारी उद्घाटनाचा दिवा लावला, पंख्यानं विझला, पंखा बंद केला, पुन्हा लावला… मंग एक सायेब म्हाताऱ्याच्या एकटेपनावर पाऊन तास बोलला, अन् बाजूले मी बसलो तं मले नाव बी नाई विचारलं! उमेरा कानात, "बस दोन मिनिटं, बाबा, तुमचाच नंबर." मंग पुन्याच्या डॉक्टरीनबाई उठल्या, "ज्येष्ठांना सक्रिय ठेवण्यासाठी आपल्याला एक मॉडेल विकसित करावं लागेल!" पडद्यावर गोल, गोलात गोल, त्याले बान… अवो बाई, मॉडेल इथी खुर्चीवर बसलं हाय, शाल पांघरून, अन् त्याले लघवीले लागली हाय! संडास कुठी? खालच्या माळ्यावर! उतरलो, चढलो, धापा टाकत आलो तं उमेरा कपायाले हात लावून, "बाबा, आत्ताच नाव पुकारलं! बस दोन मिनिटं, पुन्हा घेतो."

त्या दोन मिनिटात संध्याकाळची गाडी गेली.

शनिवारी दुपारी एकदाचा माइक हातात आला. मी म्हनलं, "नमस्कार…" अन् सूत्रसंचालक म्हने, "धन्यवाद! वेळेअभावी आपण आता जेवणाकडे वळूया." धावले ना सारे! जाताना मले सर्टिफिकेट देल्लं. काय लिवलं होतं माहीत हाय? "उत्कृष्ट वक्ता"! एका नमस्कारावर!

गावात आलो तं जाळे वाळून राह्यले होते. पुतन्या मिथुन वाटे करून मोकळा. म्हने, "काका, तुमाले वाटा नाई. पारीवर बसन त्यालेच वाटा, नियम हाय." मी तापलो, "कोनाचा रे हा नियम?" त्या सकाळी पारीवर माह्या जागेवर बसलेला म्हातारा दसरू खाली पाहून हासे. बारा वर्सांआधी तो पोरीच्या लग्नाले गेला, तवा त्याचा वाटा कापला कोनं? मीनंच! वाईट मासोळीचं नाई वाटलं हो, वाटा गेला त्याचं वाटलं. वाटा भेटते तवरिक मानूस गावाच्या कामाचा असते.

घरी सून कुंतानं मसाला वाटून ठेवलेला. "मामाजी, मासोळी?" मी सर्टिफिकेट देल्लं. तिनं वाचलं, उलटून पाह्यलं, "मामाजी, याचा रस्सा होते काय?"

तेवढ्यात दारात दसरू. पळसाच्या पानात आपल्या वाट्यातली अर्धी मासोळी! माहे तं डोयेच भरले. म्हनलं, "बस दादा, तुले परिषदेचं सांगतो…" तो म्हने, "बस दोन मिनिटं, घनश्या, पयले माह्यं आयक!"

तुमाले सांगतो, रस्सा झाला, जेवलो, हात धुतले… दसरू अजून बोलूनच राह्यला हाय!