नावाआधीची रिकामी जागा

पोळ्या करून झाल्या होत्या, कुकरची एक शिट्टी राहिली होती आणि मी बाल्कनीत चादर पिळत होते. तेवढ्यात बेल वाजली. हात ओले, म्हणून कोपरानं कडी सरकवली, तर दारात एक चष्मा लावलेली मुलगी...

थांबा. पहिल्या रांगेतून आमची दीपमाला डोळे मोठे करते आहे. तिनं बजावलं होतं, "आई, आधी सगळ्यांची नावं घ्यायची, मग गोष्ट." पण गोष्टच आधी तोंडात येते, त्याला मी काय करू?

तर आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि मराठी विभागाचे माजी प्रमुख प्राध्यापक गोपाळकृष्ण सर. जिच्या सत्कारासाठी आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती डॉक्टर अवनी. व्यासपीठावरची मान्यवर मंडळी. हा कार्यक्रम घडवून आणणारा आनंद आणि त्याची रॅप करणारी, टोप्या घातलेली पलटण. समोर बसलेले बंधू-भगिनी. आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या भिंतीला टेकून उभी राहिलेली मुलं, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

मी मुक्ताई इंगोले. माहेर-सासर दोन्ही वाशीमकडचं, राहणं विश्रांतवाडीला. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं खडकीच्या वाचनालयानं शिकवलं. मघाशी निवेदन करणाऱ्या मुलीनं माझी ओळख "कैलासवासी बद्रीनाथ इंगोले यांच्या पत्नी" अशी करून दिली. बाळ, तू आदरानंच म्हणालीस. तुझ्यावर राग नाही. पण मी भाषणाची सुरुवात हरकतीनं करणार आहे. हा शब्द मी माझ्या घरात शिरू दिलेला नाही, तो या सभागृहातही मागे घ्यावा. का, ते सांगते. अवनीचा सत्कारही त्यातच आहे.

आमचे हे खडकीच्या कारखान्यात होते. माणूस सरळ, पण बोलताना अडखळायचे. 'ब' तर त्यांना कधी पारच करता आला नाही, आणि नशीब बघा, नाव बद्रीनाथ. कारखान्यात त्यांना सगळे 'ब-ब-बद्री' म्हणायचे. पाहुण्यांत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, बँकेत, कुठेही यांनी तोंड उघडलं की समोरचा यांचं वाक्य पुरं करून टाकायचा. लोकांना ती मदत वाटते. ज्याचं वाक्य असतं त्याला काय वाटतं, हे कुणी विचारलं आहे?

पण एक गंमत होती. बोटांनी ताल धरला की यांचं अडखळणं थांबायचं. जेवणाच्या डब्यावर, टेबलावर, सायकलच्या सीटवर टकटक सुरू झाली की शब्द कसे रांगेत बाहेर यायचे. दीपमालाला शाळेत घालायला गेलो, तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, "नाव?" हे अडकले. मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. तेव्हा यांनी त्यांच्याच टेबलावर ताल धरला आणि म्हणाले:

"नाव बद्रीनाथ, गाव वाशीम,
पोरगी हुशार, देतो मी हमी."

मुख्याध्यापकांना वाटलं, माणूस थट्टा करतो आहे. दीपमाला मात्र वडिलांच्या बोटांकडे बघत होती. सर, आपल्या संशोधनात या रॅपच्या कलेची पुण्यातली सुरुवात कुठून धरतात मला ठाऊक नाही. आमच्या घरात ती त्या टेबलापासून धरतात.

हे गेले ते नवरात्रात. कामावरून आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि संपलं. त्यावर मी अधिक बोलणार नाही, बोलून ते लहान होतं. कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा दारावरची त्यांच्या नावाची लाकडी पाटी मी स्क्रू काढून बरोबर आणली. रंग उडाला होता, म्हणून पोपट पेंटरकडे दिली. परत आणली तर नाव उजवीकडे सरकलेलं आणि डावीकडे ही एवढी जागा मोकळी.

मी म्हटलं, "पोपटराव, हे काय?"

"वहिनी, पुढं कै. घालायचं ना? जागा ठेवलीय. तुमी म्हणाल तेव्हा घालतो."

"मी म्हणणार नाही."

माझे दीर वैजनाथ आले होते. ते म्हणाले, "वहिनी, असं कसं? माणूस हाय का नाही, हे दारावर कळाले नको का लोकाईले?"

मी म्हटलं, "भाऊजी, ज्याला कळून घ्यायचंय त्यानं बेल वाजवावी. मी सांगीन."

ती जागा तशीच राहिली. पाटी बघितली की वाटायचं, नाव बोलायला निघालंय आणि अडकलंय. मला ते आवडायचं.

पुढे दीपमाला खराडीला आयटी कंपनीत लागली. रात्रपाळी, कानाला हेडफोन, पलीकडे परदेशी गिऱ्हाईक. त्यांना दीपमाला म्हणता येत नाही, म्हणून कंपनीनं तिला 'जेनिफर' केलं. मला सांगा, तेव्हा एकाही नातेवाइकानं विचारलं का, की इंगोल्यांची पोरगी रात्रभर जेनिफर कशी? उलट पेढे खाऊन गेले. पण याच मुलीनं रॅप करायला लागल्यावर इंटरनेटवर स्वतःच्या पानाला 'एमसी ब-ब-बद्री' असं नाव दिलं, तेव्हा सगळ्यांची झोप उडाली. एमसी म्हणजे माइक हातात घेऊन बोलणारा, हे मला तिनंच सांगितलं. बाईनं बाप्याचं नाव घ्यावं का? मेलेल्याचं घ्यावं का? आणि तेही चिडवायचं?

मीही तिला विचारलं होतं, "अगं, गाण्यात 'मी बोलतो' काय म्हणतेस? 'बोलते' म्हण."

ती म्हणाली, "आई, मी नाही बोलत. बाबा बोलतायत. आता मध्ये कोण तोंड घालतं बघू."

पानावर तिचा फोटो नव्हता. यांची जुनी तिरकी टोपी होती, एवढंच. आवाज घोगरा, वडिलांचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, मुलगाच आहे.

आता मी मघाच्या दाराशी परत येते. हात ओले, कुकर गॅसवर, दारात चष्मेवाली मुलगी. तीच ही अवनी. सदाशिव पेठेतून बसनं विश्रांतवाडीला आली होती, रॅपवरच्या पीएचडीसाठी बद्रीला शोधत. पाटीवरचं नाव वाचून म्हणाली, "नमस्कार. बद्री आहेत का?"

मी सवयीनं म्हटलं, "ते गेले."

ती हसली. "कधी येतील?"

मी म्हटलं, "येत नसतात, बाई. गेले म्हणजे वारले."

तिचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "कधी हो?"

"नवरात्रात."

आता त्या वर्षीचं नवरात्र नुकतंच संपलं होतं. कोणत्या सालचं नवरात्र, हे तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्या घरात नवरात्र एकच आहे. मागे भिंतीवर यांचा पंचविशीतला फोटो, डोक्याला तीच तिरकी टोपी, वर हार. दीपमालाचा घसा बसला होता, म्हणून महिनाभर पानावर नवं काही आलेलं नव्हतं. अवनीनं फोटोला हात जोडले, पाणीसुद्धा न घेता गेली. मला वाटलं, कारखान्यातल्या कुणाची मुलगी असेल, किती चांगलं वळण आहे.

विभागाच्या नियतकालिकाच्या पुढच्या अंकात तिचा लेख आला, 'कै. एमसी ब-ब-बद्री : एका नावाचा अभ्यास'. लेख उत्तम होता, मी दोनदा वाचला. फक्त त्यात लिहिलं होतं की 'ब' या अक्षराची पुनरुक्ती म्हणजे तबकडी मागेपुढे ओढण्याच्या अमेरिकी तंत्राची भाषिक छाया होय. हसा, हसा. अवनीपण हसते आहे. आमचे हे असते तर त्यांनी विचारलं असतं, ती छ-छ-छाया मला आधीच का नाही दिली?

लेखाचा फोटो इंटरनेटवर फिरला. दीपमालाच्या पानावर मेणबत्त्यांची चित्रं यायला लागली. 'भावा, लवकर गेलास.' 'पुणे तुला विसरणार नाही.' ती उपमा खात होती. म्हणाली, "आई, बघ, मला श्रद्धांजली येतेय." आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. पण मग कुणा भल्या माणसानं ते पान चालवणाऱ्या कंपनीला कळवलं, की हा गृहस्थ वारला. कंपनीनं पानाला कुलूप घातलं. वर लिहिलं, 'यांच्या स्मरणार्थ'. आता त्यावर कुणी रडू शकत होतं, बद्री मात्र बोलू शकत नव्हता.

दीपमालानं कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, बद्री हयात असल्याचा पुरावा द्या. आता सांगा, आमच्या घरात बद्रीनाथच्या नावाचा सगळ्यात अलीकडचा कागद कोणता असेल? मृत्यूचा दाखला.

वैजनाथभाऊजी म्हणाले, "देवानंच केलं बरं. आता तरी त्याले सुखानं राहू द्या." ते मी ऐकून घेतलं. पण दीपमालाच एके दिवशी म्हणाली, "जाऊ दे आई. नवं नाव घेते. थकले मी." ते मला लागलं. ज्या माणसाचं वाक्य आयुष्यभर दुसऱ्यांनी पुरं केलं, त्याच्या तोंडावर आता एका मुलीच्या चुकीनं आणि एका कंपनीच्या नियमानं कायमचा हात ठेवायचा? मी म्हटलं, "तू थकलीस तर झोप. मी जाते."

लेखाखाली विभागाचा पत्ता होता. गेले. दीपमालाही मागोमाग आलीच. अवनीनं मला बघितलं आणि दीपमालाला बघितलं, आणि दीपमाला त्या घोगऱ्या आवाजात "हाय" म्हणाली, तेव्हा या मुलीच्या हातातला चहा तिच्याच चपलांवर सांडला. मग आम्ही सरांच्या खोलीत गेलो. सर, तो संवाद मी जसा झाला तसा सांगते, आपण मोठ्या मनानं ऐका.

सर म्हणाले, "ताई, आमचा विभाग पदव्या देतो. पुनर्जन्म देण्याची सोय नाही."

मी म्हटलं, "मारायची सोय होती ना, सर? मग जिवंत करायचीही असेल. तुम्हीच मारलंत, तुम्हीच उठवा."

सर म्हणाले, "पण आपले यजमान खरोखरच वारले आहेत, नाही का?"

"माझे यजमान वारले. बद्री नाही. लेख तुम्ही बद्रीवर लिहिला आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग दुसरी वाट सुचवली, की प्रबंधात नावच गाळू, 'माहितीदाता सात' म्हणू, म्हणजे वाद मिटेल. मी म्हटलं, सर, माझ्या घरात सात माणसंही नाहीत, सातवा कुठून आणू? ज्या नावावर अभ्यास केलात तेच काढलंत, तर उरलं काय?

तेव्हा ही अवनी उभी राहिली. तिचा प्रबंध सादर व्हायला थोडेच दिवस होते. चूक छापून कबूल केली, तर परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवणार, हे तिला कळत होतं. सरांनी तसं सांगितलंही. ती म्हणाली, "सर, मी दारातून परत आले, आत बसून विचारलं नाही. खुलासा माझ्या सहीनं छापा." परीक्षकांनी पुढे बोट ठेवलंच, आणि तिला ते प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. या वेळी तिनं ते आमच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं. लोक तिचा सत्कार पदवीसाठी करत असतील. मी शाल देते आहे ती त्या वाक्यासाठी.

एक गोष्ट बोलून टाकते. मघाशी सर म्हणाले, हा रॅप म्हणजे आपलीच जुनी परंपरा नव्या कपड्यांत. नाही सर. तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या गरीब काळ्या पोरांचा आहे, अवनीच्याच प्रबंधात मी वाचलं. ज्यांना कुणी बोलू देत नव्हतं, त्यांनी आपली नावं आपण ठेवली आणि बोलले. आमच्या मुलांनी ते उसनं घेतलं, पण नाव सांगून घेतलं. आपलं म्हटल्याशिवाय आपल्याला कशाचा आदर करताच येत नाही का? आणि पालकहो, मुलांनी इंटरनेटवर घेतलेल्या नावांना खोटी नावं म्हणू नका. कंपनीनं दिलेलं जेनिफर खोटं होतं. बद्री खरं आहे.

खुलासा आला. दोनच वाक्यं. 'मागील अंकात एमसी ब-ब-बद्री यांच्या नावाआधी कै. असे छापले गेले, ही चूक आहे. एमसी ब-ब-बद्री हयात असून विश्रांतवाडी येथे राहतात.' मी भाजी परतत होते. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून पुन्हा वाचलं. हे गेल्यापासून असं वाक्य मला कुणी दिलं नव्हतं. खोटं नव्हतं ते, विद्यापीठानं छापलं होतं.

कंपनीनं तोच पुरावा धरला, आणि पान उघडलं. त्यावरच्या पहिल्या ओळी आनंदच्या पलटणीला पाठ आहेत:

"ब-ब-बद्री, ब अडकला दारात,
कै. नका लावू, मी आहे घरात."

अवनी, तू आता हैदराबादला शिकवायला चाललीस. सुखानं जा. तिथेही कुणाच्या दारातून परत फिरू नकोस. आत जा, पाणी माग, आणि साल विचार.

आपण सर्वांनी एवढा वेळ मला माझी वाक्यं माझी मलाच पुरी करू दिलीत, त्याबद्दल आभार मानते. सर, आपण त्या खुलाशाखाली अवनीच्या सहीशेजारी विभागप्रमुख म्हणून सही केलीत, त्याचे वेगळे आभार. बोलण्यात कुठे जिभेला धार आली असेल, तर ती वाचनालयाची समजा आणि मला क्षमा करा.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. खुलासा छापून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोपट पेंटरला बोलावलं आणि पाटीवरच्या त्या रिकाम्या जागेत 'एमसी' लिहून घेतलं.